हद्दीवरची नजर

दिवाळीच्या मागेपुढे, उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस पूर्णा यांच्यामधल्या आमच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात, ज्या घरी वेचणीचा कापूस येऊन पडलेला असतो त्या घराची झोप बदलते. भाव चढेल या आशेने सपरीत आढ्यापर्यंत लागलेली ती पांढरी रास म्हणजे सोसायटीचे कर्ज, दुकानदाराची उधारी, मुलीचे लग्न आणि पुढल्या हंगामाचे बियाणे असे सारे एकाच ठिकाणी साठलेले असते. तिला ठिणगीचे भय, अवकाळी पावसाचे भय आणि माणसाचेही भय. माझा जन्म संग्रामपूरचा. मास्तरकीची सारी वर्षे याच तालुक्यातल्या शाळांत गेली. आणि अंगणातल्या बाजेवर निजणारा घरातला वडीलधारा माणूस, उशाशी कंदील, पायथ्याशी कुत्रे आणि हाकेच्या अंतरावरचा शेजार एवढ्या सामग्रीवर घराची राखण चाललेली मी पाहत आलो. आता कापसाच्या जोडीला दाराशी मोटारसायकल उभी असते, गोठ्याच्या भिंतीला तुषार सिंचनाचे पाइप टेकलेले असतात, कोपऱ्यात दुरुस्तीसाठी काढून आणलेली पंपाची मोटर पडलेली असते, आणि अंगणात निजणारा माणूस मात्र बहुतेक घरांतून नाहीसा झालेला आहे. पुण्यास नोकरीला असलेल्या मुलाने घराबाहेर चार कॅमेरे बसवण्याचा आग्रह धरला तेव्हा म्हणूनच मी हरकत घेतली नाही. परंतु जे काम वरवर पाहता वीजतंत्र्याचे, त्याचा आराखडा कागदावर मांडू लागताच राखणदारीचा सारा जुना प्रश्न पुन्हा पुढे उभा राहिला: पाहायचे कोणी, पाहायचे कोणाला, आणि पाहिल्यानंतर उत्तरदायी कोण?

मराठी मुलखाने या प्रश्नाला एके काळी एक उत्तर दिलेले होते. गावोगाव जागल्या असे; कोठे तो रामोशी, कोठे भिल्ल, कोठे कोळी, कोठे महार. पेशवाई बुडाल्यानंतर १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आलेले आहे. गावात चोरी झाली की चोराचा माग काढीत जाणे हे जागल्याचे काम. तो माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवून तेथल्या जागल्याच्या हवाली केला म्हणजे पहिला मोकळा होई. दुसरा तो पुढे नेई. आणि ज्या शिवारात माग खुंटे त्या गावाच्या शिरावर नुकसानीची भरपाई येई. म्हणजे रात्री जागणारा इसम केवळ पाहणारा नव्हता. जे त्याने पाहिले नाही त्याचाही जाब त्याच्याकडे आणि त्याच्या गावाकडे मागितला जात असे. आमचे वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली गेले, तरी पाटील, पटवारी आणि त्यांच्या हाताखालचा जागल्या ही गावची घडी पुढे पुष्कळ काळ तशीच राहिली. पाऊलखूण ओळखणारे ते डोळे गेले; तथापि हरभऱ्याचे आणि ज्वारीचे पीक रानडुकरांपासून व रोह्यांपासून राखण्यासाठी शेतकरी आजही रात्री शेतात जागलीला जातो.

ही जुनी व्यवस्था आदर्श होती असे मात्र माझे म्हणणे नाही. जागणे हे ज्याच्या वतनाला बांधलेले होते तो त्या वतनाने स्वतःही बांधला गेलेला होता. रात्रीबेरात्री हाक आली की धावायचे, आणि मोबदला म्हणून खळ्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचे, हा त्याचा जन्मजात भोग होता. मुंबई इलाख्यातल्या महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली तेथील कायदेमंडळात विधेयक आणले, ते या भोगाची पूर्ण जाणीव ठेवूनच. याहून कठोर गोष्ट अशी की राखणीचा हक्क ज्याप्रमाणे जन्मावरून ठरत असे, त्याप्रमाणे संशयही जन्मावरून ठरू लागला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने समूहच्या समूह दप्तरात नोंदवले गेले. ठरलेल्या वेळी हजेरी देणे आणि परवान्यावाचून हद्द न सोडणे हे त्यांच्या जगण्याचे नियम झाले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या. परंतु एखाद्या गावी शेळी नाहीशी झाली असता पहिले बोट अजूनही शिवेबाहेरच्या पारध्यांच्या बेड्याकडेच वळते, हे मी शिक्षकाच्या नात्याने जवळून पाहिलेले आहे, कारण त्या बेड्यावरची मुले माझ्या वर्गात बसत असत आणि असा काही प्रकार घडल्याच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेत येत नसत. कॅमेऱ्याकडे माझे मन प्रथम वळले ते चोर सापडेल म्हणून नव्हे. ज्याने चोरी केलेली नाही त्याच्या बाजूनेही हे यंत्र ग्वाही देऊ शकेल, ही एक शक्यता मला त्यात दिसली. काचेच्या डोळ्याला माणसाची जात कळत नाही. ती कळते ते पडद्यासमोर बसून पाहणाऱ्याला, आणि यास्तव पाहणाऱ्याची जबाबदारी यंत्र आल्याने कमी होत नाही, उलट वाढते.

घरगुती कॅमेऱ्याचा उगमही एका एकट्या माणसाच्या भयात आहे. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ही कृष्णवर्णीय परिचारिका वेळी-अवेळी घरी एकटी असे. हाक मारल्यावर पोलीस येण्यास विलंब लागे. पती आल्बर्ट यांच्या साहाय्याने तिने १९६६ साली एका यंत्रणेच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरात ते तिला मिळाले. दाराला निरनिराळ्या उंचीवर चार छिद्रे, त्यांच्यापाशी वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत चित्र दाखवणारा पडदा, दाराबाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय, बिछान्यावरूनच कडी उघडण्याचे बटण आणि मदत बोलावण्याचे दुसरे बटण, अशी ती रचना होती. मला तिच्या बुद्धीचे अधिक कौतुक वाटते ते यासाठी की तिने नुसता डोळा निर्माण केला नाही. पाहणे, विचारणे, उघडणे आणि हाक मारणे या चारही क्रिया तिने एकत्र गुंफल्या. आज बाजारात जो संच मिळतो त्याची जाहिरात बहुधा डोळ्याचीच असते, आणि उरलेल्या तीन क्रिया कोण करणार हे घरमालकाने स्वतः ठरवायचे असते.

आराखडा करण्यासाठी दिवसाचा उजेड कामाचा नाही, हे मला शेगावहून आलेल्या एका तरुण तंत्रज्ञाने प्रथम सांगितले. त्याच्या सांगण्यावरून अंधार पडल्यावर मी घराभोवती सावकाश फिरलो: पुढला ओटा, डाव्या हाताची बोळ, मागचे परसू, गोठा आणि कुटाराचे कोठार. ज्या घरात आयुष्य गेले त्याला इतक्या बाजूंनी असुरक्षित असे मी कधी पाहिले नव्हते. कुटाराच्या कोठाराच्या मागे भिंत खचून अर्ध्यावर आलेली, तेथून गल्लीतला मुलगाही सहज चढून येईल. न्हाणीच्या वरची खिडकी गजाविना. कॅमेरा घेण्यापूर्वी भिंत उंच करावी आणि खिडकीला गज बसवावा, दिव्याची सोय नसेल तेथे दिवा लावावा, हे त्या तरुणाने विकत देण्याच्या वस्तूंचा लोभ बाजूला ठेवून सांगितले, आणि त्याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटला. चोर प्रथम अंधार शोधतो, मग आडोसा, मग ढिले दार. कॅमेऱ्याचा क्रम या सर्वांनंतर येतो.

त्यानंतर दृष्टीचे गणित आले, आणि गणित हा माझा विषय असल्याने मी त्यात रमलो. पडद्यावर माणूस आहे एवढे कळणे, ओळखीचा माणूस ओळखू येणे आणि अनोळखी माणसाचा चेहरा नंतर दुसऱ्या कोणाला निश्चितपणे ओळखता येईल इतका स्पष्ट दिसणे, या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. आणि या क्षेत्रातल्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने त्यांना प्रत्येकी माप घालून दिलेले आहे. दृश्याच्या रुंदीत दर मीटरला २५ चित्रबिंदू पडले तर माणसाचे अस्तित्व कळते, १२५ पडले तर परिचित ओळखू येतो, आणि शहानिशा करण्याजोगा चेहरा हवा असेल तर २५० लागतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १९२० बिंदू असतात. २५० ने भागले असता पावणेआठ मीटरांहून थोडी कमी रुंदी येते. दुकानातून सर्रास मिळणारी २.८ मिलिमीटरची रुंद भिंग असलेली जात शंभर अंशांहून अधिक पसारा कवेत घेते, त्यामुळे कॅमेऱ्यापासून जेमतेम तीन मीटरांवरच दृश्य एवढे रुंद होते. म्हणजे हा कॅमेरा शंभर फुटांवर कोणी तरी चालले आहे हे सांगेल, परंतु ते कोण हे सांगण्यासाठी त्या माणसाने दहा फुटांच्या आत आले पाहिजे. सहा मिलिमीटरचे भिंग घेतले तर पसारा निम्म्यावर येतो आणि चेहरा पंचवीस फुटांपर्यंत ओळखता येतो. सारे पाहू जाता कोणीच ओळखू येत नाही, आणि कोणाला ओळखायचे तर पुष्कळसे न पाहण्याची तयारी ठेवावी लागते. हा भिंगाचा नियम मला त्या रात्री कागदावर आकडे मांडताना फार खोल वाटला. ओट्यावरच्या कॅमेऱ्याला आम्ही अरुंद भिंग दिले, कारण फाटकातून येणारा प्रत्येकजण तेथूनच येतो. परसात रुंद दिले, कारण तेथे हालचाल कळली तरी पुरे.

उंचीचाही असाच विचार. लोक कॅमेरा हाताला लागू नये म्हणून पत्र्याच्या टोकाशी टांगतात, आणि मग चित्रात टोप्या, रुमाल आणि पदर तेवढे दिसतात. नऊ-दहा फुटांच्या वर न जाता, जेथे माणूस पायरी चढण्यासाठी किंवा कडी काढण्यासाठी क्षणभर थांबतो आणि मान वर करतो, त्या जागेकडे त्याचे तोंड असावे. आमचे घर पूर्वाभिमुख. सकाळी सूर्य समोरून भिंगात शिरतो आणि दारातला माणूस नुसती काळी आकृती होऊन उरतो, म्हणून पुढला कॅमेरा ओट्याच्या कोपऱ्यातून तिरपा लावावा लागला. रात्री ही यंत्रे अवरक्त किरणांच्या उजेडात पाहतात. तो उजेड आपल्याला दिसत नाही, पण पावसाळ्यात कॅमेऱ्याशी पाखरे जमतात. पाखरांच्या मागे पाल येते, कोळी भिंगासमोर जाळे विणतो, आणि ते एकच सूत रात्रभर पांढऱ्या जाळाप्रमाणे चमकून मागचे सारे दृश्य झाकून टाकते. दर आठवड्यास मऊ फडक्याने भिंगे पुसण्याचे काम म्हणूनच आराखड्यातच लिहून ठेवावे. ते लिहिलेले नसले की कोणाचेच नसते.

आमच्या उन्हाळ्याचा विचार न करता वस्तू घेणारा मनुष्य पस्तावतो. वैशाखात पारा ४५ अंशांकडे झुकतो, आणि पश्चिमेच्या भिंतीवरचे लोखंड दुपारी हाताला चटका देते. बाहेरचे कॅमेरे बहुधा तेवढी उष्णता सोसतात. सोसत नाही ती चित्र साठवणाऱ्या पेटीतली तबकडी. ही पेटी दर्शनी खोलीत शोभेसाठी ठेवू नये, कारण चोर जाताना तीच उचलून नेतो; आणि माळ्यावरही ठेवू नये, कारण तेथे ती भाजून निघते. जाड मातीच्या भिंतीमुळे आमचे माजघर उन्हाळ्यातही गार राहते. तेथल्या फडताळात, कुलपाआड, मागे हवा खेळती राहील अशी फट ठेवून ती बसवली. केबल उघडी लोंबू दिली की उंदीर कुरतडतात आणि उन्हाने तिचे वेष्टन तडकते, म्हणून ती नळीतून नेली. आमच्या संचात वीज आणि चित्र एकाच तारेतून जातात आणि त्या तारेचा पल्ला शंभर मीटरांचा असतो, तो आमच्या घराला पुरून उरला. वीज गेली की कॅमेरे गेले, आणि वीज जाण्याची वेळ चोरालाही ठाऊक असते. म्हणून पेटी, कॅमेरे आणि इंटरनेटचा राउटर हे तिन्ही एकाच इन्व्हर्टरवर घेतले. मृगाच्या सुमारास विजा कडाडू लागतात, त्यासाठी चांगली अर्थिंग हवी. या ओळी मी विस्ताराने लिहीत नाही. कोणताही जाणता तंत्रज्ञ हे सांगेल, फक्त त्याला विचारले पाहिजे.

एक गोष्ट मात्र तंत्रज्ञ घाईत विसरतात, ती परवलीचा शब्द बदलण्याची. कारखान्यातून आलेला सोपा शब्द तसाच ठेवलेली हजारो घरांतली यंत्रे २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक आज्ञावलीने आपल्या ताब्यात घेतली, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांच्याच साहाय्याने इंटरनेटच्या एका मोठ्या सेवेवर असा भडिमार झाला की अमेरिकेतली कित्येक नामांकित संकेतस्थळे काही तास बंद पडली. ज्यांच्या घरातले कॅमेरे यात सामील झाले होते त्या गृहस्थांना याची गंधवार्ताही नव्हती. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२५ च्या एप्रिलपासून कॅमेऱ्यांना सुरक्षेची मान्यताप्राप्त तपासणी सक्तीची केली आहे. परंतु घरमालकाने आपला परवलीचा शब्द वाटेल त्याला सांगितला, तर त्यावर कोणत्याही प्रयोगशाळेचा इलाज चालणार नाही.

सर्व जोडणी झाल्यावर पडद्यावर प्रथमच चार चौकटी उजळल्या, तेव्हा बोळीकडच्या चौकटीत आमच्या भिंतीपलीकडे समोरच्या काकूंचे अर्धे अंगण दिसत होते. मी काही बोलण्याच्या आतच त्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "गुरुजी, ते तुमचं यंत्र आमच्याकडं तोंड करून हाय. मी आंगणात डोक्यावरचा पदर काढून बसली त दिसन काय त्याच्यात?" त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, संकोच होता, आणि तो संकोच मला तक्रारीहून अधिक जड वाटला. ज्या अंगणात त्या केस विंचरतात, सुनेशी भांडतात, नातवाला न्हाऊ घालतात, तेथे त्यांना आता कोणी तरी पाहत असल्याच्या जाणिवेने वावरावे लागणार होते, आणि ते पाहणे पुण्यातल्या एका हातातल्या फोनपर्यंत पोचणार होते. कायद्याकडे पाहावे तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलेला आहे. परंतु २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा व्यक्तीने निव्वळ घरगुती कामासाठी केलेल्या नोंदीला लागू होत नाही. अर्थात शेजाऱ्याच्या अंगणाचा प्रश्न राज्यसंस्थेने बव्हंशी शेजाऱ्यांच्याच सद्बुद्धीवर सोडलेला आहे. मी काकूंना आत बोलावले, पडद्यासमोर बसवले, आणि त्या तरुणाकडून त्यांच्या अंगणाएवढ्या भागावर काळा चौकोन घालून घेतला. यंत्रात तशी सोय असते, आणि झाकलेला भाग तबकडीवरही उतरत नाही. चौकोनाची कड कोठे यावी हे त्यांनी स्वतः बोट लावून दाखवले. त्यांचे बोट आमच्या मालमत्तेच्या नकाशातल्या हद्दीच्या रेघेवर बरोबर थांबले होते.

गल्लीतल्या इतर घरांनाही मग मी जाऊन सांगितले की अमुक ठिकाणी कॅमेरा आहे आणि तो एवढे एवढे पाहतो. फाटकावर तशी पाटी लावली. माझे ठाम मत आहे की लपवलेला कॅमेरा घराची राखण करीत नाही. तो गावात अविश्वास पेरतो. ज्याला पाहिले जाते त्याला ते ठाऊक असणे, ही या यंत्राची पहिली मर्यादा असली पाहिजे.

साक्षीपुराव्याचा विचार तर लोक चोरी झाल्यानंतरच करतात. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या जालन्यात २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अवघ्या २९६ मतांनी निकाल लागला, आणि उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला की नंतर, हा वाद न्यायालयात गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते, चित्रण होते, त्यात वेळही होती. नव्हता तो इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या नकलेसोबत कायद्याने मागितलेला दाखला. अर्जामागून अर्ज करूनही संबंधित अधिकाऱ्यांनी तो दिला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले, आणि १४ जुलै २०२० च्या निकालाने असे नक्की झाले की मूळ यंत्रच हजर केलेले नसेल तर हा दाखला अनिवार्य आहे. मात्र ज्याने तो मिळवण्याची पराकाष्ठा केली आणि ज्याच्या हाती तो मिळवणे उरले नाही, त्याच्यावर अशक्य गोष्टीचा भार टाकता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा आला. त्याच्या कलम ६३ खाली दाखल्याचा नमुनाच जोडलेला आहे, आणि त्यात नोंदीची अंकमुद्राही लिहावी लागते, म्हणजे मागाहून एक क्षण जरी बदलला तरी ते उघड व्हावे. हे वाचल्यावर मी प्रथम काय केले असेल तर पेटीचे घड्याळ तपासून घेतले. घड्याळ वीस मिनिटे मागे असेल तर तामगावच्या ठाण्यात पंचनामा होताना खरी साक्षही खोटी वाटू लागेल, आणि ज्याचा दोष नाही अशा कोणाला तरी त्या वीस मिनिटांचा हिशेब द्यावा लागेल.

आमच्या तालुक्यात या गल्लीच्या कॅमेऱ्यांआधी जंगलाचे कॅमेरे आले, याची आठवण येथे ठेवली पाहिजे. उत्तरेला सातपुड्यात अंबाबरवा अभयारण्य आहे, ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखण्यासाठी वनखाते झाडांना कॅमेरे बांधते. २०१८ च्या देशव्यापी गणनेत अशा २६,८३८ ठिकाणांहून ३ कोटी ४८ लाखांवर छायाचित्रे मिळाली. त्यांतली वाघाची किती, तर ७६,६५१. उरलेल्या सगळ्या चित्रांत हरणे, रानडुकरे, माकडे, गुराखी आणि वाऱ्याने हललेले गवत. गणनेच्या दृष्टीने ते निरुपयोगी वाटले तरी वनाचे खरे चरित्र त्या उरलेल्या चित्रांत आहे. माझ्या पडद्यावरही आजवर चोर आलेला नाही. पहाटे दूध घालणारा येतो, पाण्याची पाळी संपवून शेतातून परतणारा माणूस टॉर्च विझवीत जातो, शेगावला निघालेली पायी दिंडी गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबते, एक म्हातारा रोज रात्री त्याच वेळी दमा लागून ओट्यावर टेकतो. या शेवटच्या गृहस्थाला मी अनेक वर्षे ओळखत होतो, परंतु त्याचा दमा इतका वाढला आहे हे मला कॅमेऱ्याने सांगितले. सांगितल्यावर मला त्याच्याकडे जावे लागले. न जाता ते चित्र पुसले जाऊ देणे मला जमले नसते.

पुसले जाण्याचा मुद्दाही विचार करण्यासारखा आहे. एका कॅमेऱ्याच्या चित्राला सेकंदास दोन मेगाबिट धरले तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट लागतात, चारही कॅमेऱ्यांना ८६, दोन टेराबाइटची तबकडी तीन आठवड्यांत भरते आणि जुन्यावर नवे लिहू लागते. याहून मोठी तबकडी घ्यावी असे मुलाचे म्हणणे होते. मी नको म्हटले. चोरी झाली असेल तर ती तीन आठवड्यांत लक्षात येते; न आल्यास तिचे दुःख फारसे मोठे नसते. परंतु गल्लीतला कोणता मुलगा कोणत्या महिन्यात कोणाशी बोलत उभा होता, कोणाच्या घरी सावकाराचा माणूस किती वेळा आला, याचे दप्तर माझ्या फडताळात वर्षानुवर्षे साठावे, हे मला मान्य नाही. माणसांनी एकमेकांना ओळखून असावे, आणि काही गोष्टी विसरूनही जाव्यात, तरच एका गल्लीत पिढ्या नांदतात.

मुलाने एकदा पुण्याहून मध्यरात्री फोन केला: "बाबा, गोठ्यापाशी कोणी तरी आहे." मी उठून दिवा लावेपर्यंत समोरच्या काकूंचा मुलगा काठी घेऊन परसात पोचलेलाही होता, कारण मुलाने माझ्याआधी त्याला फोन लावला होता. दावे तुटून मोकळे झालेले वासरू भिंतीशी उभे होते. चारशेहून अधिक किलोमीटरवरून मुलाला वासरू दिसले, पण त्याला धरून पुन्हा खुंट्याला बांधणारा हात त्या काळ्या चौकोनाच्या पलीकडून आला. त्या रात्रीनंतर आम्ही गल्लीतल्या सात घरांचे क्रमांक एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या दाराआड चिकटवले, आणि हाक आली तर प्रथम कोणी उठायचे, दुसरे कोणी, हेही ठरवून टाकले. चैत्रात काकू कुरड्या घालतात. तेव्हा शेतात जाताना त्या आपणहून सांगून जातात की आज तो चौकोन काढा, शेळ्या येतात. संध्याकाळी पाट्या आत नेल्या की तो पुन्हा घालायचा असतो, आणि ते काम मी विसरत नाही.

आता प्रश्न शेतातल्या विहिरींचा आहे. पंपाची केबल रातोरात कापून तांब्यासाठी नेण्याचे प्रकार वाढल्यापासून, एकमेकांना लागून असलेल्या आम्हा चार शेतकऱ्यांनी सौरपट्टीवर चालणारा आणि मोबाइलच्या सिमकार्डावर चित्र पाठवणारा एक कॅमेरा खर्च वाटून घेऊन पांदणीच्या तोंडाशी लावण्याचे ठरवले आहे. बोलणी पारावर झाली आणि पुष्कळ वेळ चालली. चित्र चौघांच्याही फोनवर जावे, एकट्याच्या नव्हे. कॅमेऱ्याचे तोंड स्टार्टरच्या पेटीकडे आणि पांदणीकडे असावे, बांधावरच्या झोपडीकडे नसावे. आणि कोणाचा संशय आला तर चौघांनी मिळून चित्र पाहिल्याशिवाय कोणाचेही नाव तोंडातून काढू नये, हे तीन ठराव झाले. चौथा मी सुचवला आणि तोही मान्य झाला: वेचणीच्या दिवसांत बाया उजाडताच वावरात येतात, झाडाआड बसून भाकरी खातात, लेकराला पाजतात, म्हणून सूर्योदयाबरोबर तो कॅमेरा बंद झाला पाहिजे. तो बंद करण्याचे आणि दिवस मावळल्यावर पुन्हा सुरू करण्याचे काम त्या आठवड्यात ज्याच्याकडे पाण्याची पाळी असेल त्याने करायचे आहे.